जुन्या संगणकाचा आवाज बाहेर काढताना

१९८०च्या दशकात युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचलेल्या संगणकांना आवाज होता, पण तो बाहेर पडण्याची वाट प्रत्येकाची निराळी होती. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पोटात एक चिमुकला स्पीकर होता. कमोडोर ६४ला स्पीकरच नव्हता. तो टीव्हीच्या तोंडून बोलायचा. अमिगा ५००च्या पाठीवर मात्र टेपडेकसारखी लाल-पांढरी दोन सॉकेट होती. आज हे संगणक माळ्यावरून खाली उतरवले जातात किंवा हौशी मंडळी ते मुद्दाम विकत घेतात. पडद्यावर एकदाचे चित्र आले की पुढचा प्रश्न आवाजाचा असतो. तो मोठ्या स्पीकरवर कसा घ्यायचा, आणि घरचे झोपल्यावर खेळायचे तर हेडफोन कुठे लावायचा?

बहुतेकांची पहिली ठेच एकाच ठिकाणी लागते. सॉकेटात बसणारी पिन मिळाली की काम झाले असे वाटते, हेडफोन जोडला जातो, आणि कानात जेमतेम कुजबुज ऐकू येते. संगणक बिघडल्याचा संशय येतो, पण बहुधा तो ठणठणीत असतो. त्याच्या मागच्या सॉकेटातून मिळतो तो ‘लाइन लेव्हल’चा संदेश: व्होल्टभर किंवा त्याहून कमी दाब आणि नावापुरता प्रवाह. टाकी उंचावर आहे, पण नळ सुईएवढा आहे, अशी ही अवस्था. स्पीकरचा कागदी पडदा हलवायला किंवा हेडफोनचे कॉइल थरथरवायला प्रवाह लागतो आणि तोच इथे नसतो.

थोडे गणित केले की हे स्पष्ट होते. समजा, संगणकाच्या आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत रोध १००० ओहम आहे. त्याला ८ ओहमचा स्पीकर थेट जोडला, तर १००८ ओहमांपैकी स्पीकरच्या वाट्याला फक्त ८ ओहमांपुरता दाब येतो, म्हणजे एक टक्काही नाही. ३२ ओहमच्या हेडफोनला तीन टक्के मिळतात. तोच संदेश १०,००० ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला दिला, तर नव्वद टक्क्यांहून अधिक दाब पोचतो आणि पुढचा सगळा जोर अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या वीजपुरवठ्यातून लावतो. म्हणून संगणक, मग तार, मग अ‍ॅम्प्लिफायर आणि शेवटी स्पीकर किंवा हेडफोन, हा क्रम जवळजवळ सगळ्या जुन्या यंत्रांना लागू पडतो.

यासाठी महागडी सामग्री लागत नाही. पीसीला लावतात तसले वीजजोडणीचे छोटे स्पीकर पुरतात, कारण अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या आतच असतो. त्यातही पुढच्या बाजूला आवाजाची चकती आणि हेडफोनचे भोक असलेली जोडी घ्यावी. संगणकाचा आवाज स्पीकरला आणि हेडफोन स्पीकरच्या पुढच्या भोकात, इतक्यावर दोन्ही प्रश्न सुटतात. हौशी लोक वेगळा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर घेतात, पण चौकोनी लहरींचे बीप-बूप ऐकायला त्याची गरज क्वचितच पडते.

स्पेक्ट्रमपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याची रचना सगळ्यांत साधी. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२मध्ये तो बाजारात आणला. भारतात त्याचीच परवाना घेतलेली आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने विकली गेली. स्पेक्ट्रममध्ये स्वतंत्र ध्वनी-चिप नाही. यूएलए नावाच्या मुख्य चिपमधली एकच बिट चालू-बंद होते आणि तेवढ्यावर स्पीकर टिकटिकतो. ही चालू-बंद जितकी वेगाने, तितका सूर चढा. ते करणारा झेड८० प्रोसेसर त्या वेळी दुसरे फारसे काही करू शकत नाही. म्हणूनच बऱ्याच खेळांत सुरुवातीच्या पडद्यावर संगीत वाजते आणि खेळ सुरू झाला की उरतात ते फक्त खटके. या एका बिटमधून टिम फॉलिनसारख्या संगीतकारांनी एकाच वेळी अनेक सूर वाजल्याचा भास निर्माण केला. १९८७च्या ‘क्रोनॉस’ या खेळाचे संगीत त्याचा ठळक नमुना आहे. आतल्या चिमुकल्या स्पीकरवर त्यातले बरेचसे हरवते, आणि बाहेरचा स्पीकर लावण्याचे खरे कारण हेच.

स्पेक्ट्रमच्या मागे ३.५ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या मोबाइलच्या हेडफोनची बारीक पिन बसेल अशी दोन भोके असतात. एकावर ‘इअर’ आणि दुसऱ्यावर ‘माइक’ असे लिहिलेले असते. दोन्ही नावे टेपरेकॉर्डरच्या दृष्टीने दिलेली आहेत. टेपच्या इअर सॉकेटातून प्रोग्राम संगणकात यायचा आणि संगणकाच्या माइक सॉकेटातून तो टेपवर जायचा. गंमत अशी की स्पीकरचा आवाज या दोन्ही सॉकेटांवर मिळतो. इअरवर जोरात, माइकवर हळू. सोबत येणाऱ्या पुस्तिकेतच हेडफोन लावण्याची मुभा दिली होती आणि अ‍ॅम्प्लिफायरसाठी माइक सॉकेट सुचवले होते. तो सल्ला आजही योग्य आहे. इअरचे भोक कॅसेटवरून खेळ चढवायला मोकळे ठेवावे लागते. माइकचे भोक काही साठवायचे नसेल तेव्हा रिकामेच असते. बाहेर काहीही जोडले तरी आतला स्पीकर मात्र बंद होत नाही.

इथे एक बारीक अडचण येते. ही भोके मोनो आहेत आणि हल्लीचे हेडफोन स्टिरिओ. स्टिरिओ पिनेवर दोन काळ्या पट्ट्या दिसतात, मोनो पिनेवर एक. स्टिरिओ पिन मोनो भोकात घातली की आवाज बहुधा डाव्या कानातच येतो आणि उजवा मुका राहतो. अशा वेळी हेडफोन फेकून देण्याचे कारण नाही. एका टोकाला मोनो पिन आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओ सॉकेट असलेला ठोकळा मिळतो. तो एकच संदेश दोन्ही कानांना वाटून देतो. उलट बाजूची चूक अधिक वाईट. स्टिरिओ आउटपुट असलेल्या यंत्रात मोनो पिन घातली की उजव्या वाहिनीचे आउटपुट थेट ग्राउंडला टेकते. दोन वाहिन्या एकाच स्पीकरवर हव्या असतील, तर त्या तारा नुसत्या एकमेकींना पिळू नयेत. प्रत्येकीत साधारण १००० ओहमचा रोधक घालून मगच जोडाव्यात. रोधकाला चार-आठ आणे पडायचे तेव्हाही लोक हे टाळायचे आणि आजही टाळतात.

कमोडोर ६४ला आवाजाच्या बाबतीत सगळ्यांत मानाचे स्थान आहे. १९८२मध्ये आलेल्या या संगणकात बॉब यानेस यांनी रचलेली सिड ही चिप होती. तीन स्वतंत्र सूर, लहरींचे वेगवेगळे आकार, सूर उमटण्या-विरण्यावर नियंत्रण आणि एक फिल्टर असा तिचा थाट, म्हणजे जवळजवळ छोटा सिंथेसायझरच. यानेस पुढे एन्सोनिक या वाद्यनिर्मिती कंपनीच्या संस्थापकांत होते, यात नवल नाही. या चिपचा आवाज टीव्हीच्या छोट्या स्पीकरवर ऐकणे म्हणजे तिच्यावर अन्यायच.

हा आवाज मिळतो मागच्या गोल ऑडिओ-व्हिडिओ सॉकेटातून. सुरुवातीच्या यंत्रांत ते पाच पिनांचे होते, नंतरच्यांत आठ पिनांचे, आणि आठच्या सॉकेटात पाच पिनांचा अर्धवर्तुळी डिन प्लग सहसा बसतो. पिनांचे क्रमांक सरळ ओळीने येत नाहीत, इथेच घोटाळा होतो. अर्धवर्तुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचा क्रम १, ४, २, ५, ३ असा असतो. मधली २ क्रमांकाची पिन ग्राउंड, टोकाची ३ क्रमांकाची पिन आवाजाची, आणि ४ क्रमांकावर चित्र. सोल्डर करताना प्लग पाठीमागून दिसतो, त्यामुळे डावे-उजवे उलटते. प्लगच्या प्लास्टिकवर पिनांजवळ बारीक आकडे कोरलेले असतात; भिंग घेऊन ते वाचावेत, आकृतीवर विसंबू नये. ३ क्रमांकाची तार ३.५ मिलिमीटर स्टिरिओ पिनेच्या टोकाला आणि मधल्या कड्याला, अशी दोन्हीकडे जोडायची, आणि २ क्रमांकाची मुळाशी. सिडचा आवाज मोनो असल्याने दोन्ही कानांना तोच पोचतो.

उरली ५ क्रमांकाची पिन. ती आवाज बाहेर देत नाही, आत घेते. बाहेरचे वाद्य सिडच्या फिल्टरमधून फिरवता यावे यासाठी ती ठेवलेली आहे. चुकून तिच्यावर मोबाइलचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा जोरकस संदेश गेला तर दुर्मिळ झालेली चिप दगावू शकते. ही पिन मोकळी सोडली तर ती आसपासची खरखर गोळा करते, म्हणून काही जण केबल बनवतानाच तिला २ क्रमांकाच्या ग्राउंडशी जोडून टाकतात. तेवढ्याने पार्श्वभूमीची सळसळ कमी होते.

पाच पिनांचे डिन प्लग अजून मिळतात, कारण सिंथेसायझरच्या मिडी जोडणीत तेच वापरले जातात. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे सुटे प्लग मिळण्याची शक्यता चांगली. तयार मिडी केबल घेऊन एक टोक कापायचे, ही युक्ती मात्र फसवी आहे. मिडीला फक्त २, ४ आणि ५ याच पिना लागतात, त्यामुळे बऱ्याच केबलींत १ आणि ३ या पिनांना तारच नसते. म्हणजे कमोडोरचे चित्र येईल, नको असलेले इनपुटही येईल, आणि हवा तो आवाज तेवढा येणार नाही. सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर पिवळ्या आणि पांढऱ्या पिनांची तयार केबल मिळते. तिची पांढरी पिन स्पीकरकडे न्यायची.

कमोडोरच्या बाबतीत आवाजाआधी एक तपासणी करावीच. त्याच्या जुन्या विटेएवढ्या वीजपुरवठ्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारपणी बिघडतो, तेव्हा दाब घटण्याऐवजी वाढतो आणि मेमरीच्या चिपा जळतात. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट नीट दिसल्याशिवाय संगणक सुरू करू नये. स्पीकर जोडायच्या भरात हे विसरले तर जोडायला काही उरत नाही.

अमिगा ५००चा प्रश्न वेगळा आहे. १९८७च्या या संगणकाला डावा-उजवा आवाज वेगळा देणारी आरसीए सॉकेट आहेत, म्हणजे म्युझिक सिस्टिमला लावतात तीच लाल-पांढरी जोडी लागते. दोन पिना इकडे, दोन तिकडे, की झाले. त्याच्या पॉला या चिपमध्ये चार वाहिन्या असतात. पहिली आणि चौथी पूर्ण डावीकडे, दुसरी आणि तिसरी पूर्ण उजवीकडे. खोलीत दोन स्पीकर ठेवले की हवेतच त्यांचे मिश्रण होते आणि कानाला काही खुपत नाही. हेडफोनवर मात्र ढोल फक्त डाव्या कानात आणि सनई फक्त उजव्या, असा प्रकार होतो आणि अर्ध्या तासात डोके दुखू लागते. त्यासाठी दोन वाहिन्यांमध्ये काही हजार ओहमचा रोधक टाकून थोडी गळती मुद्दाम करवतात किंवा मिक्सरवर दोन्ही बाजू मध्याकडे ओढतात. हेडफोनने अमिगा ऐकणाऱ्याने हे करावेच.

अमिगाचा आवाज अचानक दबका वाटू लागला तर आधी वीज दाखवणाऱ्या दिव्याकडे पाहावे. आवाजातली चढी कंपने छाटणारा एक फिल्टर त्या दिव्याशी बांधलेला आहे. दिवा प्रखर असेल तर फिल्टर चालू, मंद असेल तर बंद. प्रोग्राम तो हवा तसा बदलतो. हे दिव्याचे प्रकरण नसेल आणि यंत्र १९९२चे अमिगा ६०० किंवा १२०० असेल, तर संशय बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांवर जातो. ते गळू लागतात तेव्हा पहिली लक्षणे बहुधा आवाजातच दिसतात: एक बाजू हळू होते, मग दोन्ही. गळलेले द्रव तांब्याच्या रेषा खाते, म्हणून हे काम जाणकाराकडे लवकर न्यावे.

बाकीच्या यंत्रांबद्दल थोडक्यात. १९८४च्या अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी ४६४च्या मागे ३.५ मिलिमीटरचे स्टिरिओ सॉकेट आहे. तिथे तीन सुरांपैकी एक डावीकडे, एक मध्ये आणि एक उजवीकडे येतो. त्याच वर्षीच्या अ‍ॅपल टूसीच्या डाव्या कडेला तर हेडफोनचे भोक आणि आवाजाची चकती दोन्ही होत्या. अशी दूरदृष्टी त्या काळात अपवादानेच दिसते. बीबीसी मायक्रो भारतीय वाचकांपैकी काहींना शाळेतल्या ‘क्लास’ प्रकल्पामुळे आठवत असेल. १९८४पासून तो निवडक शाळांत पोचला होता. त्याला आतला स्पीकर आहे, पण मागच्या बाजूला आवाजाचे सॉकेट नाही.

अशा यंत्रांत झाकण उघडून आतल्या स्पीकरच्या तारांवरून आवाज घेण्याचा मोह होतो. जमते, पण दोन तारांपैकी एक ग्राउंड असेलच, हे गृहीत धरता येत नाही. मूळच्या अ‍ॅपल टूमध्ये स्पीकरची एक तार थेट ५ व्होल्टला जोडलेली असते. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडला लावली की वीजपुरवठाच शॉर्ट होतो. मल्टिमीटरने दोन्ही तारा तपासून घ्याव्यात आणि शंका उरली तर मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकावा. तो दोन बाजूंत तारेचा संबंध न ठेवता संदेश पलीकडे पोचवतो. हेडफोनसाठी तारेत शंभरेक ओहमचा रोधकही हवा, नाहीतर स्पीकरसाठी बनवलेला जोर थेट कानावर आदळतो. पिन घालताच आतला स्पीकर तोडणारे सॉकेट बसवले तर काम नेटके होते. तरीही जुन्या यंत्राच्या डब्याला नवे भोक पाडणे बऱ्याच संग्राहकांना मान्य नसते, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तार मागच्या फटीतून बाहेर काढता येते.

टीव्हीतून आवाज देणाऱ्या यंत्रांची भारतात एक खास अडचण होती. कमोडोर ६४ किंवा १९८६मध्ये इंग्लंडात आलेला स्पेक्ट्रम १२८ हे चित्र आणि आवाज एकाच अँटेना-तारेने टीव्हीला देतात. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे पाल पद्धत, त्यामुळे चित्र छान दिसायचे. पण चित्र आणि आवाज यांच्या लहरींतले अंतर ब्रिटनमध्ये ६ मेगाहर्ट्‌झ आणि भारतात ५.५ मेगाहर्ट्‌झ. इंग्लंडहून आणलेला संगणक इथल्या टीव्हीवर रंगीत दिसायचा आणि मुका राहायचा, किंवा नुसता फिस्स करायचा. आजही जुन्या टीव्हीवर हेच होते. स्पेक्ट्रम १२८मध्ये तर आतला स्पीकरही नाही. टीव्हीला चित्र द्यावे आणि आवाज वेगळ्या तारेने अ‍ॅम्प्लिफायरला न्यावा, हाच उपाय. अमेरिकेतून आणलेल्या यंत्राचे चित्र आणि वीज या दोन्हींची पद्धत वेगळी असते, पण आवाजाच्या पिना त्याच असतात.

जोडणी बरोबर असूनही मागे सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल, तर बहुधा ग्राउंडचे वर्तुळ तयार झालेले असते: संगणक टीव्हीला जोडलेला, टीव्ही भिंतीतल्या अर्थिंगला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटच्या अर्थिंगला. सगळी उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली की निम्म्या वेळा तो जातो. न गेल्यास स्वस्तातले ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ म्हणजे वर सांगितलेला ट्रान्सफॉर्मरच तारेत लावावा. अर्थिंगची पिन तोडणे हा उपाय आजही सुचवला जातो. तो करू नये, त्यात जिवाला धोका आहे. ‘घूं’ऐवजी पडद्यावर मजकूर बदलला की बदलणारी गुरगुर येत असेल, तर चित्राचा संदेश आवाजात झिरपत असतो. तिथे आवाजाच्या तारेला स्वतंत्र जाळीदार आवरण असलेली केबल वापरावी. स्वस्त केबलींत चित्र आणि आवाज एकाच आवरणात कोंबलेले असतात, आणि गुरगुरीचे मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडते.

तारा नेहमी सगळी उपकरणे बंद असताना लावाव्यात-काढाव्यात. स्पीकरसाठी वापरात असलेल्या आधुनिक अ‍ॅडॅप्टरांना अर्थिंग नसले, तर त्यांच्या धातूच्या टोकावर हलकी झिणझिणी जाणवते. ती गळती चालू संगणकाच्या चिपवर ओतली जाऊ नये. सुरू करताना आधी संगणक, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना याच्या उलट. नाहीतर संगणक चालू होतानाचा ‘धप्प’ पूर्ण जोराने बाहेर येतो. हेडफोन कानावर चढवण्याआधी चकती शून्यावर आणावी. चौकोनी लहर तीच पातळी असलेल्या गाण्यापेक्षा कानाला बरीच टोचते.

ब्लूटूथचा विचार बहुतेकांच्या मनात येतो. छोटा ट्रान्समीटर या आउटपुटला जोडता येतो आणि संगीत ऐकायला तो चालतोही. पण आवाज आकड्यांत बदलून पाठवण्यात सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज जातो. खेळात उडी आधी दिसते, आवाज मागून येतो. ठेका धरून खेळायच्या खेळांत तर हे असह्यच. तिथे तारच वापरावी लागते.

शेवटी, आवाज अजिबातच येत नसेल तर शोध मागून पुढे घ्यावा. आधी त्याच तारेला मोबाइल जोडून स्पीकर चालतो का ते पाहायचे. मग मल्टिमीटरने तार मध्येच तुटली नाही ना, हे तपासायचे. मग स्पेक्ट्रमवर बीप ही आज्ञा देऊन किंवा नेहमीचा खेळ चढवून संगणकाची बाजू पाहायची. ज्यात आतला स्पीकर आहे ते यंत्र आतून वाजत असेल आणि बाहेर मुके असेल, तर सॉकेटच्या पितळी पट्ट्या ढिल्या किंवा काळ्या झाल्याची शक्यता सर्वाधिक. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिन दहा-बारा वेळा आतबाहेर केली की बऱ्याचदा त्या स्वच्छ होतात. तरीही काही न वाजल्यास सॉकेटचे बोर्डावरचे सांधे तडकलेले असतात. ते पुन्हा सोल्डर करून घ्यावेत.